गुणपत्रिका आणि चारित्र्याचा दाखला

निवडणूक महापालिकेची असो की विधानसभेची, तिकीटवाटपाच्या दिवसांत नागपुरातल्या पक्ष कार्यालयांसमोर एक शब्द हमखास कानावर पडतो : इलेक्टिव्ह मेरिट. वर्षानुवर्षं सतरंज्या उचललेला कार्यकर्ता घरी बसतो आणि परवा पक्षात आलेल्या माणसाच्या हाती एबी फॉर्म पडतो. का, म्हणून विचारलं तर उत्तर तयार असतं, "त्याचं मेरिट आहे ना भाऊ." या मेरिटची फोड केली तर हाती काय लागतं? पैसा, प्रभागातली जातीची बेरीज आणि बूथवर बसवायला पुरेशी पोट्टी. यातलं काहीच उघडपणे बोलून दाखवण्यासारखं नसतं. मेरिट म्हटलं की मात्र सगळं शोभून दिसतं, आणि सतरंज्या उचलणारा गप्प होतो. पैशाशी तो भांडला असता, मेरिटशी कसा भांडणार?

राजकारणातलं हे मेरिट मला फारसं बोचत नाही. तिथे खरं काय ते बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. बोचतं ते सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत, कारण तिथे सगळे हा शब्द मनापासून खरा मानतात. मी या शहरात बरीच वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. "पोट्टं मेरिटचं आहे" ही इथल्या आईबापांनी करावी अशी सगळ्यात मोठी तारीफ. त्यात पोरगं हुशार आहे एवढंच नसतं. ते सरळमार्गी आहे, कष्टाळू आहे, घराण्याचं नाव काढणारं आहे, असं सगळं एका दमात येतं. आणि ज्याचं नाव यादीत नाही त्याच्याबद्दल काहीच बोललं जात नाही. चहाचा कप पुढे सरकवतात आणि विषय बदलतात.

माझं म्हणणं सरळ आहे. जागा थोड्या आणि मुलं फार असली की कुठल्या तरी नियमाने रांग लावावी लागते. परीक्षेतले गुण हा रांग लावायचा एक नियम आहे, आणि बऱ्यापैकी चांगला नियम आहे. पण रांगेतला नंबर म्हणजे त्या मुलाच्या सद्गुणाचा पुरावा नाही. इंग्रजीतल्या मेरिटला पात्रतेचा, चांगुलपणाचा, कमावलेल्या हक्काचा अर्थ चिकटलेला आहे. तो शब्द आपण रांगेच्या नंबराला लावला आणि गुणपत्रिकेचा बघता बघता चारित्र्याचा दाखला झाला. (आपल्याकडे मार्कांनाही गुण आणि अंगच्या चांगुलपणालाही गुणच म्हणतात, त्यामुळे हे काम आणखी सोपं झालं.)

एक काळ असा होता की दहावी-बारावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात पेढा भरवणाऱ्या आईचा फोटो असायचा. नागपूर विभागातून कोण पहिलं आलं, सोमलवार शाळेची किती, हडस शाळेची किती, यावर आठवडाभर गप्पा चालायच्या. बोर्डाने ती गुणवत्ता यादी पुढे बंद केली, मुलांवरचा ताण नको म्हणून. यादी गेली, फोटो गेले नाहीत. ते शंकरनगरच्या, लक्ष्मीनगरच्या होर्डिंगवर चढले. आता फोटोखाली शाळेचं नाव नसतं, क्लासचं असतं. मूल नावाला कुठल्या तरी कॉलेजात, दिवसभर क्लासमध्ये. त्याला इथे टाय-अप म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. क्लासची फी लाखांत. ही फी भरणं हा गुन्हा नाही, माझ्या ओळखीच्या कित्येकांनी पोटाला चिमटा काढून भरली आहे. पण होर्डिंगवर जे झळकतं त्याला मेरिट म्हणताना त्या फीचा, त्या वेगळ्या खोलीचा, घरातल्या कूलरचा, सकाळी डबा करून देणाऱ्या आईचा आणि मुलाला घरकामाला न लावणाऱ्या बापाचा हिशेब कुठे मांडला जातो? मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत पत्र्याच्या घरात बसून अभ्यास केलेल्या पोरीचे पाचशे गुण आणि एसीतल्या अभ्यासिकेत बसलेल्या पोराचे साडेपाचशे, यात जास्त कमावलं कुणी? उत्तर मला माहीत आहे असा माझा दावा नाही. पण उत्तर न शोधताच आपण साडेपाचशेवाल्याच्या गळ्यात हार घालतो.

आता हा नंबर किती पक्का असतो तेही पाहू. २०२४ ची वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा सगळ्यांना आठवत असेल. तेवीस लाखांहून जास्त मुलं बसली. देशात एमबीबीएसच्या जागा तेव्हा लाखाच्या थोड्या वर, त्यातल्या निम्म्याच्या आसपास सरकारी. निकाल लागला तेव्हा ६७ मुलांना ७२० पैकी ७२०. पेपरफुटी, वेळ वाया गेला म्हणून १,५६३ मुलांना दिलेले वाढीव गुण, त्यांची फेरपरीक्षा, सर्वोच्च न्यायालय, हे सगळं गाजलं. माझ्या विषयाचा म्हणून मला त्यातला एक प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. अणूंबद्दलची दोन विधानं दिली होती आणि त्यातलं कोणतं बरोबर ते ठरवायचं होतं. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीप्रमाणे एक उत्तर येत होतं, नव्या आवृत्तीप्रमाणे दुसरं. जुनं पुस्तक वाचणाऱ्यांवर अन्याय नको म्हणून परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर असल्याचं सांगितलं, आणि चार लाखांहून जास्त मुलांचे पाच पाच गुण कमी झाले. बरोबर उत्तराचे चार गेले आणि चुकीचा एक वजा झाला. पैकीच्या पैकीवाल्या ६७ पैकी ४४ मुलं या एकाच प्रश्नामुळे तिथे होती. फेरपरीक्षा आणि ही कपात झाल्यावर अंतिम यादीत १७ उरली.

प्रश्न फिजिक्सचा म्हणून पाहिला तर तज्ज्ञांचं उत्तर बरोबरच आहे, एकटा सुटा अणू स्थिर असतोच असं नाही. माझा मुद्दा पुढचा आहे. त्या रांगेत पाच गुणांनी मागे जाणं म्हणजे हजारो मुलांच्या मागे जाणं. पुस्तकाची जुनी आवृत्ती कोण वापरतं? ज्याला दादाचं, शेजारच्या ताईचं पुस्तक मिळतं तो. सीताबर्डीच्या फुटपाथवर अर्ध्या किमतीत घेतो तो. निकाल आला त्या दिवशी या मुलांचं मेरिट एक होतं, जुलैअखेरीस वेगळं होतं, आणि मधल्या काळात मुलांच्या अंगी काहीच बदललेलं नव्हतं. नियम म्हणून हे मान्य करायला हरकत नाही. रांगेला कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण जी गोष्ट पुस्तकाच्या आवृत्तीवर हलते तिला पोराची लायकी म्हणायचं?

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट तर जास्तच बोलकी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाच्या नीटचा पात्रतेचा उंबरठा सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणला गेला. जागा रिकाम्या राहत होत्या म्हणून. शून्य पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेला कुणीही प्रवेशाच्या रांगेत उभा राहू शकतो. डॉक्टरांच्या संघटनांनी आक्षेप घेतला, चार दिवस बातम्या आल्या, मग सगळं शांत. आमच्याकडच्या दिवाणखान्यांत एरवी "कोट्यामुळे मेरिट मेलं" म्हणून उसासे टाकले जातात. तिथे या शून्याची चर्चा झाली का? मी तरी ऐकली नाही. अभिमत विद्यापीठांतल्या एमबीबीएसची पूर्ण फी कोटीच्या घरात जाते आणि खाली नंबर असलेल्या मुलाला ती भरून जागा मिळते, त्याचीही होत नाही. खासगी महाविद्यालयांत पंधरा टक्क्यांपर्यंत अनिवासी भारतीयांचा कोटा ठेवायला न्यायालयाने २००५ मध्ये परवानगी दिली, त्याला कोटा म्हणतात पण तो शब्द कुणाच्या तोंडात कडू लागत नाही. थोडं मागे गेलं तर डोनेशनचा जमाना होता. आमच्या पिढीतल्या कित्येक नागपूरकरांनी पोरं कर्नाटकात पाठवून इंजिनीअर केली. महाराष्ट्रात कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा १९८७ मध्ये आला. त्या पोरांच्या लग्नाच्या बायोडाटावर "बीई" एवढंच लिहिलेलं असायचं, आणि त्यात काही गैर नाही. पण मग सवलतीने प्रवेश मिळालेल्या मुलाच्या पाठीमागे "तो कोट्यातला" ही शेपटी आयुष्यभर का?

म्हणजे आपण मेरिटचा आग्रह धरतो तो नेहमीच मेरिटसाठी धरतो असं नाही. पैशाने रांग मोडली तर ती आपल्याला व्यवस्था वाटते. जातीच्या अन्यायाची भरपाई म्हणून रांग बदलली की अनर्थ वाटतो. २०१९ मध्ये १०३ वी घटनादुरुस्ती होऊन खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांना दहा टक्के आरक्षण मिळालं, नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते तीन विरुद्ध दोन मतांनी कायम केलं. त्या दहा टक्क्यांनी मेरिटचं काय होणार, असा गळा कुणी काढल्याचं मला आठवत नाही. ते आरक्षण असू नये असं मी म्हणत नाही. आठ लाखांच्या मर्यादेवर वाद घालता येईल, पण गरिबी ही अडचण आहेच. मी एवढंच विचारतो की त्या वेळी "परिस्थिती बघायला हवी" हे ज्यांना पटलं, त्यांना ते एरवी का पटत नाही?

विदर्भाच्या माणसाला तर हे पटायला फार लांब जावं लागू नये. अनुशेष हा शब्द आपण आईच्या दुधाबरोबर प्यायलो. विदर्भाने महाराष्ट्रात यावं म्हणून झालेल्या नागपूर कराराच्या वेळी, १९५३ मध्ये, आपण काय मागितलं होतं? लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या, शिक्षणात वाटा. घटनेच्या ३७१(२) कलमात विदर्भ आणि मराठवाड्यासाठी तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी आणि सरकारी नोकऱ्यांत पुरेशी संधी यांचा उल्लेख आहे. हे काय आहे? मागे राहिलेल्यांना रांगेत वेगळा विचार मिळावा, हीच तर मागणी. राज्यातल्या वैद्यकीय प्रवेशात बरीच वर्षं सत्तर-तीसचं सूत्र होतं : विभागातल्या कॉलेजांतल्या सत्तर टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ते रद्द केलं, आणि घोषणा होती "एक महाराष्ट्र, एक मेरिट". मराठवाड्यातल्या पालकांना आनंद झाला, कारण त्यांच्याकडे कॉलेजं कमी आणि गुणवान मुलं जास्त. इथे माझ्या ओळखीचे पालक चिडले. "आमच्या जागा आमच्या पोरांना नको का? लातूरच्या क्लासमधल्या पोरांशी गडचिरोलीच्या पोराने टक्कर द्यायची?" प्रश्न रास्त होता, मलाही पटला. फक्त हे बोलणाऱ्यांत असेही होते ज्यांनी महिनाभर आधी मला आरक्षणाने देशाचं वाटोळं कसं झालं ते समजावलं होतं. गडचिरोलीच्या पोरासाठी "परिस्थिती" चालते, तर त्याच गडचिरोलीतल्या माडिया गोंड पोरासाठी का चालू नये?

हा वाद नवा नाही. इंग्रजांनी १८५५ मध्ये सनदी सेवेसाठी खुली स्पर्धा परीक्षा सुरू केली तेव्हा तिची केवढी कौतुकं झाली! वशिला संपला, आता फक्त लायकी. परीक्षा लंडनला होती. लॅटिन आणि ग्रीकला संस्कृत-अरबीपेक्षा जास्त गुण होते. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये पास झाले, पुढे आणखी काही झाले, आणि १८७० च्या दशकात वयोमर्यादा एकोणीसवर आणली गेली. एकोणिसाव्या वर्षी लंडनला जाऊन परक्या भाषेत ती परीक्षा देणं किती हिंदी मुलांना जमणार होतं? नियम सर्वांना सारखाच होता. दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर मागणी लावून धरली की परीक्षा लंडनइतकीच हिंदुस्थानातही एकाच वेळी व्हावी. काँग्रेसने १८८५ च्या पहिल्याच अधिवेशनात तसा ठराव केला. तिचं १८९१ चं अधिवेशन आपल्या नागपुरातच भरलं होतं. ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहाने १८९३ मध्ये तत्त्वतः मागणी मान्य केली, प्रत्यक्षात हिंदुस्थानात परीक्षा व्हायला १९२२ उजाडलं. मधल्या काळात आपल्या लोकांना सांगितलं जात होतं की तुमच्यात लायकीच नाही, परीक्षा बघा ना! तेव्हा आपले पुढारी म्हणाले, परीक्षेत काय विचारता, कुठे घेता, कुणाच्या भाषेत घेता ते आधी बघा. तो युक्तिवाद देशभक्तीचा ठरला. आज तोच युक्तिवाद वस्तीतला पोरगा करतो तेव्हा तो सवलतीची सवय ठरतो.

"मेरिटॉक्रसी" हा शब्द लोकप्रिय करणाऱ्या माणसाचं तरी काय झालं? मायकेल यंग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये तो एका उपहासात्मक पुस्तकात वापरला. बुद्ध्यांक अधिक मेहनत यावर माणसं निवडणारा समाज त्याने रंगवला आणि त्याचा शेवट बंडात दाखवला, कारण त्या समाजात वरचे स्वतःला वर असण्याला पात्र समजू लागतात आणि खालच्यांना आपल्या पराभवाचं कारण सांगायलाही तोंड राहत नाही. लोकांनी उपहास बाजूला ठेवला आणि शब्द गौरवाचा म्हणून उचलला. पुढे २००१ मध्ये, ब्रिटनचे पंतप्रधान तो शब्द आदर्श म्हणून वापरताहेत हे पाहून, म्हाताऱ्या यंगने वर्तमानपत्रात लेख लिहून कळकळीने विरोध केला. उपयोग झाला नाही.

आता दुसरी बाजू. आणि ती मी उरकून टाकणार नाही, कारण ती माझ्याच विद्यार्थ्यांची बाजू आहे. परीक्षेचे गुण वाईट म्हणणं हे ज्यांच्याकडे दुसरे मार्ग आहेत त्यांना परवडतं. ज्याचा काका मंत्रालयात नाही, ज्याच्या बापाला डोनेशन जमत नाही, त्याच्या हातात गुणपत्रिका हाच एक कागद असतो. मुलाखतीला पंधरा-वीस गुण ठेवले की आडनाव बोलतं, उच्चार बोलतात, बुटांची पॉलिश बोलते. लेखी पेपरावर नुसता आसनक्रमांक असतो. शिफारशीच्या राज्यापेक्षा गुणांचं राज्य कितीतरी बरं. इथल्या वस्त्यांतून मेडिकलला, व्हीएनआयटी-एलआयटीसारख्या तंत्रशिक्षणाच्या कॉलेजांत जी पोरं गेली ती लेखी परीक्षेच्या जोरावर गेली, आणि राखीव जागांच्या आतसुद्धा त्यांच्यात कसून स्पर्धा झाली हे बाहेरच्यांना ठाऊकच नसतं. म्हणून परीक्षा बंद करा, गुण गुंडाळा, असं मी कधीच म्हणणार नाही. पेपर फोडणाऱ्याला जी कडक शिक्षा द्यायची ती द्या. तो गरिबाचा एकमेव कागद फाडतो.

"आरक्षणातल्या डॉक्टरकडे तुम्ही जाल का?" हा प्रश्न मला लग्नमंडपातसुद्धा विचारला गेलाय. विचारणाऱ्याला माहीत नसतं की प्रवेशाची रेघ वेगळी असली तरी पास होण्याची रेघ सगळ्यांना एकच असते. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पेपर, बाहेरचा परीक्षक, वॉर्डातला रुग्ण, यातलं काहीच प्रवर्ग बघून सोपं होत नाही. मेडिकल आणि मेयो या इथल्या सरकारी इस्पितळांच्या ओपीडीत रोज हजारो माणसं रांग लावतात आणि डॉक्टरचा प्रवर्ग विचारत नाहीत. ते विचारतात, "डॉक्टरसाहेब आले काय?" वैद्यकीय लायकी म्हणून काही असेल तर तिचा बराचसा भाग तिथे, प्रवेशानंतरच्या वर्षांत तयार होतो. सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२२ च्या निकालात नेमकं याच्याशी जुळणारं सांगितलं : खुल्या स्पर्धा परीक्षेतल्या कामगिरीपुरतं मेरिट आखूड करता येणार नाही, काही वर्गांना पिढ्यान्‌पिढ्या मिळालेले सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक फायदे त्या कामगिरीत मिसळलेले असतात. निकाल वैद्यकीय प्रवेशाच्या अखिल भारतीय कोट्यातल्या ओबीसी आरक्षणाबद्दल होता. आमच्याकडे त्यातली टक्केवारी सगळ्यांना पाठ आहे, ही ओळ फारशी नाही.

गंमत अशी की न्यायालयात हाच शब्द जास्त शहाणपणाने वापरला जातो. सिव्हिल लाइन्सच्या हायकोर्टात वकील म्हणतात, "मॅटर मेरिटवर ऐका." म्हणजे तांत्रिक मुद्द्यावर, मुदत उलटली म्हणून किंवा कागद कमी पडला म्हणून फेकू नका, दोन्ही बाजू ऐका, परिस्थिती पाहा, मग ठरवा. कोर्टात मेरिट म्हणजे परिस्थिती पाहणं. प्रवेशाच्या बाजारात मेरिट म्हणजे परिस्थिती न पाहणं. आणि याच शहरात, जिथे १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसांनी धम्म स्वीकारला, घरोघरी पुण्यानुमोदनाचे कार्यक्रम होतात. गेलेल्या माणसाच्या आठवणीत दान करायचं, आणि आपण कमावलेलं पुण्य त्याला, सगळ्यांना वाटून द्यायचं. बौद्ध ग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांत त्या पुण्यालाही मेरिटच म्हणतात. तिथलं मेरिट वाटल्याने कमी होत नाही. प्रवेशाच्या जागा तशा वाटता येत नाहीत हे मला कळतं, जागा मोजक्याच असतात. पण आपलं यश हे एकट्याचं नाही, त्यात इतरांचा वाटा आहे, एवढी समज तिकडून उसनी घ्यायला हरकत नव्हती.

करायचं काय, तर बोलण्यापुरतं एक काम आणि सरकारने करायचं एक. बोलण्यातलं सोपं आहे : जिथे रँक म्हणायची तिथे रँक म्हणा, कटऑफ म्हणायचा तिथे कटऑफ म्हणा. "तिची रँक चांगली आली" हे खरं वाक्य आहे. त्यात तिचं कौतुक पूर्ण आहे आणि शेजारच्या पोरीचा अपमान नाही. शाळांनी, क्लासवाल्यांनी होर्डिंग लावायचंच तर लावावं, व्यवसाय आहे. फक्त किती मुलं बसली होती आणि त्यातल्या किती जणांना सरकारी जागा मिळाली, हेही त्याच अक्षरांत छापायला लावावं.

सरकारचं काम अवघड आहे, पण त्याचा नमुना देशात आहे. केंद्राची एक जुनी शिष्यवृत्ती २००८ पासून आठवीच्या मुलांसाठी चालते. तिच्या नावातच मेरिटच्या जोडीला मीन्स आहे, म्हणजे गुण आणि घरची ऐपत दोन्ही बघून ती दिली जाते. नववी ते बारावी, वर्षाला बारा हजार रुपये. रक्कम आजच्या भावात तुटपुंजी आहे, पण तत्त्व बरोबर आहे. तामिळनाडूने २०२० मध्ये ते तत्त्व थेट वैद्यकीय प्रवेशात आणलं : नीट पात्र झालेल्या सरकारी शाळांतल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा, चालू आरक्षणाच्या आतच. त्याआधी तिथे सरकारी शाळेतून एमबीबीएसला जाणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. पहिल्याच वर्षी आकडा शेकड्यांत गेला. परीक्षा तीच, नीटचा पात्रतेचा उंबरठाही तोच. रांग लावताना फक्त एक गोष्ट जास्त विचारली, शिकलास कुठे.

महाराष्ट्राने हे करावं असं माझं ठाम मत आहे. जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या, आश्रमशाळेच्या मुलांसाठी, जातीच्या आरक्षणाला हात न लावता, प्रत्येक प्रवर्गाच्या आत. याने खुल्या प्रवर्गातल्या गरिबालाही फायदा होतो आणि राखीव प्रवर्गातल्या सुखवस्तूपेक्षा त्याच प्रवर्गातला मेळघाटातला पोरगा पुढे सरकतो. क्रिमीलेयरवर तासन्‌तास बोलणाऱ्यांना हे आवडायला हवं.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल, आणि तो नागपूरकरच घेणार : "लोक पोराचं नाव झेडपीच्या शाळेत घालतील आणि शिकवतील क्लासमध्ये." घालतील, नक्की घालतील. टाय-अपवाल्यांच्या गावात हे कुणी शिकवायला नको. तामिळनाडूने यावर अट घातली की सहावी ते बारावी सलग सरकारी शाळेत काढलेली असली पाहिजेत. आपल्याकडे ही अट जशीच्या तशी बसणार नाही, कारण झेडपीच्या बहुतेक शाळा फार तर सातवी-आठवीपर्यंतच आहेत आणि पुढचं शिक्षण खासगी अनुदानित शाळांत होतं. तेव्हा पहिली ते आठवीचा दाखला धरावा लागेल, आणि पुढच्या चार वर्षांसाठी अनुदानित शाळा मोजायची की नाही यावर खरी भांडणं होतील. अनुदानित म्हणजे नागपूरच्या धरमपेठेतलीही आणि गडचिरोलीच्या धानोऱ्यातलीही. माझ्या मते मोजावी, पण शाळेचा तालुका बघून. आणि समजा एखाद्या डॉक्टरने आपलं पोरगं खरोखरच आठ वर्षं महापालिकेच्या शाळेत बसवलं, तर त्या शाळेचं छप्पर, शिक्षक आणि प्रयोगशाळा यांच्यासाठी भांडायला एक वजनदार पालक मिळेल. तो तोटा सोसायला मी तयार आहे.